भस्म पक्कं की कच्चं? जुन्या परीक्षा आणि नव्या तपासण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरच्या माझ्या दवाखान्यात, फोनवर आणि विद्यार्थ्यांच्या वर्गानंतर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. पुष्कळदा प्रश्नासोबत पुडीचा फोटोही येतो. फोटोवरून भस्माबद्दल काहीही सांगता येत नाही, एवढं आधीच सांगून टाकते.

१. भस्म म्हणजे शेवटी राखच ना?

नाही. लाकडाची राख म्हणजे लाकूड जळून गेल्यावर उरलेला गाळ. भस्मात मूळ धातू जळून जात नाही, त्याचं रूप बदलतं. लोखंडाचा पत्रा किंवा कीस तापवून तेल, ताक, गोमूत्र, कांजी आणि कुळथाचा काढा यांत पुन्हा पुन्हा विझवतात, ते शोधन. मग वनस्पतीच्या रसात खलतात, ती भावना. त्याच्या चकत्या करून, वाळवून, मातीच्या दोन शरावांत, म्हणजे पसरट वाट्यांत, बंद करून, वर कापडमातीचा लेप देऊन गोवऱ्यांच्या आगीत ठेवतात, ते पुट. असं अनेकदा केल्यावर लोखंडाचं ऑक्साइड हाती येतं. कथिलापासून वंग भस्म, जस्तापासून यशद भस्म होतं ते याच वाटेने.

दोन गोष्टी यापासून वेगळ्या ठेवा. पिष्टीला आग लागत नाही, ती गुलाबपाण्यात खलून होते (प्रश्न ११). कज्जली, रससिंदूर वगैरे रसकल्पांत पारा आणि गंधक असतात आणि त्यांच्या तपासणीची गणितं निराळी असतात (प्रश्न ६).

२. ग्रंथांत कोणत्या परीक्षा सांगितल्या आहेत?

साधारण १३व्या शतकातल्या 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात बहुतेक परीक्षा एका ठिकाणी सापडतात. अंगठा आणि तर्जनी यांत चोळल्यावर भस्म बोटांच्या रेषांत शिरून बसलं तर ते रेखापूर्ण. शांत पाण्यावर तरंगलं तर वारितर. त्या तरंगत्या थरावर धान्याचा दाणा ठेवला आणि तोही हंसासारखा तरंगला, तर उत्तम. उन्हात धरून एकही चमक दिसली नाही तर निश्चंद्र. अभ्रकाला ही परीक्षा सगळ्यात महत्त्वाची, कारण अभ्रकाची चंद्रिका शेवटपर्यंत चिवटपणे टिकते. शिवाय दाताखाली कचकचू नये आणि जिभेवर धातूची चव लागू नये. रंगही ठरलेला असतो. लोह पिकल्या जांभळासारखं, अभ्रक विटेसारखं, वंग पांढरं.

आगीवर घ्यायच्या दोन परीक्षा म्हणजे अपुनर्भव आणि निरुत्थ. त्या प्रश्न ५ मध्ये आहेत.

३. यातलं घरी काय करून बघता येईल?

रेखापूर्ण, वारितर आणि निश्चंद्र, एवढंच. चव आणि दाताची परीक्षा शिकलेल्या माणसावर सोडा, विशेषतः औषधात काय आहे हेच माहीत नसेल तेव्हा.

आग मात्र अजिबात नको. व्हिडिओ बघून कुणी गॅसवर पळी तापवून 'धूर येतो का' हे पाहतात. पाऱ्याचं सल्फाइड हवेत तापवलं की त्यातून पाऱ्याची वाफ आणि गंधकाचा वायू सुटतो. खिडक्या लावलेल्या चाळीतल्या खोलीत किंवा वन-बीएचकेच्या ओट्यावर हा उद्योग म्हणजे औषधाच्या परीक्षेपायी घरातल्या सगळ्यांना विष. नाग भस्म, म्हणजे शिशाचं भस्म, तापवणं हेही तितकंच वाईट.

४. भस्म पाण्यावर तरंगलं. म्हणजे ते खरं, असं धरू ना?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

लोखंडाचं ऑक्साइड पाण्याच्या पाचपट जड असतं. ते तरंगतं ते हलकं झालं म्हणून नव्हे, तर कण इतके बारीक आणि कोरडे असतात की पाण्याच्या पृष्ठताणाची कातडी त्यांना फाडता येत नाही. म्हणजे ही परीक्षा बारीकपणाची आणि पृष्ठभागाची आहे. आत कुठला पदार्थ आहे हे ती सांगत नाही.

मी वर्गात पहिल्याच दिवशी काचेच्या दोन वाट्या मांडते. एकीत लोह भस्माची चिमूट, दुसरीत अंगाला लावायची टाल्कम पावडर. दोन्ही तरंगतात. मुलांचे चेहरे पडतात, कारण पाठ केलेला श्लोक डोळ्यांसमोर कोसळतो. मग मी भस्माच्या वाटीत भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब सोडते. तरंगणारा थर काठाकडे पळतो आणि भुरूभुरू खाली बसतो. तेच भस्म, तीच वाटी. साबणाने पृष्ठताण उतरला, बाकी काहीच बदललेलं नाही.

यातून दोन व्यवहाराच्या गोष्टी निघतात. एक, नीट न विसळलेल्या भांड्यात चांगलं भस्मही 'नापास' होतं. दुसरी, भस्म तरंगलं नाही तर शंका घ्या, पण तरंगलं म्हणून खात्री मानू नका. जुने लोक एकाच परीक्षेवर थांबत नव्हते ते उगीच नाही. रेखापूर्णाचंही तसंच. बोटांच्या रेषा साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने असतात, त्यात मैदाही बसतो.

५. अपुनर्भव आणि निरुत्थ एकच का? मित्रपंचक म्हणजे काय?

दोन्ही विचारतात एकच: धातू पुन्हा जिवंत होतो का? वाट वेगळी आहे. अपुनर्भवात भस्म मित्रपंचकाबरोबर, म्हणजे गूळ, गुंज, मध, तूप आणि टाकणखार यांच्याबरोबर खलून, मुशीत घालून तापवतात. थंड झाल्यावर धातूचा मणी किंवा चकाकी दिसली तर भस्म कच्चं. निरुत्थात भस्मासोबत तोलून घेतलेली चांदी तापवतात आणि नंतर चांदीचं वजन पुन्हा करतात. वजन वाढलं तर सुटा धातू चांदीत शिरला, भस्म कच्चं.

मित्रपंचक निवडणाऱ्यांना रसायनशास्त्र हे नाव ठाऊक नव्हतं, पण काम पक्कं ठाऊक होतं. गूळ, मध, तूप आणि गुंज जळून कार्बन देतात, तो ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो. टाकणखार वितळून मळ बाजूला करतो आणि सुटलेल्या धातूच्या कणांना एकत्र येऊ देतो. सोनार आजही डाग देताना टाकणखारच वापरतो. माझ्या मते सगळ्या जुन्या परीक्षांत हीच खरी रासायनिक परीक्षा आहे, आणि सगळ्यात कमी केली जाते तीही हीच.

६. लॅबच्या रिपोर्टात आरोग्यवर्धिनीत पारा २५,००० पीपीएम आला. ही भेसळ आहे का?

नाही. आरोग्यवर्धिनीत कज्जली घालतातच. पाठातले, म्हणजे ग्रंथात दिलेल्या कृतीतले, भाग मोजले तर पारा साधारण दोन-तीन टक्के बसतो, आणि एक टक्का म्हणजे १०,००० पीपीएम. म्हणजे आकडा पाठाप्रमाणेच आला.

घोळ होतो तो मर्यादेमुळे. शिसं १०, अर्सेनिक ३, कॅडमियम ०.३ आणि पारा १ पीपीएम ही मर्यादा निव्वळ वनस्पतींच्या औषधांसाठी आहे. ती रसकल्पाला लावली तर प्रत्येक रसकल्प नापास होणार. उलट सितोपलादी चूर्णात किंवा त्रिफळ्यात असा आकडा आला तर तो सरळ दोष आहे; तिथे पाऱ्याचं काही काम नाही.

म्हणून आधी पाठ बघा. त्रिभुवनकीर्तीत हिंगुळ असतो, म्हणजे पाराच. योगराज गुग्गुळात धातू नाहीत, महायोगराजात नाग, वंग, लोह आणि रससिंदूर आहेत. नावात 'महा' एवढाच फरक, पण रिपोर्टात जमीन-अस्मानाचा.

आकडा पाठाप्रमाणे आला म्हणून औषध कितीही दिवस घ्यावं असा अर्थ मात्र होत नाही. तो प्रश्न १४.

७. आधुनिक प्रयोगशाळा नेमकं काय बघतात? एक्सआरडी करू की आयसीपी?

आधी प्रश्न ठरवा, मग यंत्र. आयसीपी नमुना आम्लात विरघळवून कुठलं मूलद्रव्य किती आहे ते मोजतं, अगदी अब्जात एक भागापर्यंत. पण ते कुठल्या रूपात होतं हे सांगत नाही. विरघळवतानाच रूप गेलेलं असतं. एक्सआरडी क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना ओळखतं, म्हणजे काळी कज्जली आणि लाल रससिंदूर दोन्ही पाऱ्याचं सल्फाइडच असूनही रचना वेगळ्या आहेत हे त्यात दिसतं. पण टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली असलेली भेसळ ते सहसा पकडत नाही, आणि स्फटिक नसलेला भाग त्याला दिसतच नाही. म्हणून शक्य असेल तर दोन्ही.

एक खाचखळगा सांगते. पाऱ्याचं सल्फाइड नुसत्या नायट्रिक आम्लात जवळपास विरघळत नाही, त्याला अम्लराज, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण, लागतं. नमुना साध्या पद्धतीने विरघळवला तर पारा तळाशी बसून राहतो आणि रिपोर्टात छान कमी आकडा येतो. रसकल्पात पारा संशय यावा इतका कमी दिसला, तर नमुना कशात विरघळवला हे लॅबला विचारा.

८. नाग भस्म सगळ्या जुन्या परीक्षांना उतरलं. मग ते सुरक्षित ना?

इथे माझं उत्तर अनेकांना आवडत नाही. जुन्या परीक्षा 'भस्म पक्कं झालं का' हे सांगतात. शिसं शरीरात शोषलं जाणार का, हा प्रश्न त्यांनी विचारलेलाच नाही. शिशाचं ऑक्साइड बारीक होऊ शकतं, तरंगू शकतं, रेषांत बसू शकतं, आणि तरीही पोटातल्या आम्लात विरघळू शकतं. सल्फाइड कमी विरघळतं, पण शून्य नाही. त्यामुळे नाग भस्माला पोटासारख्या सौम्य आम्लात किती शिसं सुटतं ही तपासणीही हवी. आणि गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई किंवा मूल समोर असेल तर माझ्या दवाखान्यात नाग भस्माची बाटली उघडत नाही.

९. लोह भस्म चुंबकाला चिकटलं. कच्चं राहिलं का?

तसंच असेल असं नाही. लोखंडाची ऑक्साइडं एकाहून जास्त आहेत. लालसर हेमॅटाइट चुंबकाला फारसं दाद देत नाही, काळपट मॅग्नेटाइट मात्र धातू नसूनही झटकन चिकटतं. पुटात हवा कमी पोहोचली की मॅग्नेटाइटचा भाग वाढतो. कच्चं लोखंड उरलं आहे का ते एक्सआरडी किंवा अपुनर्भव सांगेल, चुंबक नाही.

१०. सुवर्ण भस्माच्या एक्सआरडीत चक्क सोनंच दिसलं. फसवणूक झाली का?

उलट, सोनं दिसलं ही चांगली खूण. सोनं सहजी ऑक्साइड होत नाही, म्हणून तपकिरी-तांबूस सुवर्ण भस्मात मिळतं ते अतिसूक्ष्म कणांचं सोनंच. बाकीच्या धातूंचा नियम इथे लावू नका. चकाकी गेली ती धातू बदलला म्हणून नाही, तर कण लहान झाले म्हणून. इथे फसवणूक होते ती वजनात: ग्रॅममागे सोनं किती, हे आयसीपीने मोजा. तांबूस रंग गेरूनेही येतो.

११. मोत्याची पिष्टी खरी आहे हे कसं ओळखायचं? लिंबाच्या रसात फेस आला.

फेस म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आहे, बस. मोती, शिंप, शंख, पोवळं, खडूचा दगड, सगळ्यांना फेस येतो. एक्सआरडी थोडं पुढे जातं: मोत्यात अरॅगोनाइट, लाल पोवळ्यात कॅल्साइट, ही कॅल्शियम कार्बोनेटचीच दोन स्फटिकरूपं. त्यामुळे प्रवाळ पिष्टीत अरॅगोनाइट भरपूर दिसलं तर विचारायला जागा आहे. पण मोत्याच्या शिंपेचा चकाकणारा आतला थर आणि मोती दोन्ही अरॅगोनाइटच. पावडर केल्यावर त्यांतला फरक सांगणं भल्याभल्यांना कठीण. इथे यंत्रापेक्षा मोत्याच्या खरेदीचं बिल जास्त बोलतं.

१२. ताम्र भस्माला दह्याची परीक्षा केली, दही हिरवं झालं. टाकून देऊ?

दही कशात ठेवलं होतं?

हे विचारायचं कारण असं. ताम्र भस्म दह्यात मिसळून ठेवतात. तांबं सुटं असेल तर आंबटपणात विरघळून हिरवी-निळी झाक येते. चांगली परीक्षा आहे. एका वर्षी एका विद्यार्थिनीचा नमुना सलग तीनदा हिरवा आला. पुटं पुरी होती, रंग काळा, रेखापूर्ण उत्तम, ती रडकुंडीला आली. चौथ्या वेळी मी तिच्या टेबलापाशी उभी राहिले. आजीने दिलेली सुंदर पितळी वाटी होती, कल्हई आतून झिजलेली. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. भस्म न घालता नुसतं दही ठेवलं, तेही दुसऱ्या दिवशी हिरवं. काचेच्या वाटीत तेच भस्म घातलं, दही पांढरं ते पांढरंच राहिलं.

म्हणून नेहमी दोन वाट्या लावा, दोन्ही काचेच्या, एकीत नुसतं दही. काचेतही हिरवं झालं तर भस्म परत करा.

१३. सहस्रपुटी अभ्रक खरंच हजार पुटांचं आहे हे तपासता येतं?

सरळ उत्तर: पावडर बघून नाही. दहा पुटं आणि शंभर पुटं यांत कणांचा आकार, रंग, मूलद्रव्यांचं प्रमाण बदलतं, कारण दर भावनेत वनस्पतीतले क्षार भर घालत जातात. पण ९०० आणि १,००० यांत रेघ ओढणारं यंत्र नाही. उत्पादकाची बॅचची नोंदवही हाच पुरावा. हजार पुटं द्यायला किती दिवस लागतील याचा साधा हिशेब करा आणि समोरच्या किमतीकडे बघा, पुष्कळदा तेवढं पुरतं.

मुंबईत गोवऱ्यांचा धूर परवडत नाही, म्हणून इथे बरेच जण विजेच्या भट्टीत पुटं देतात. ते चूक नाही. पण गजपुटाची, म्हणजे मोठ्या खड्ड्यातल्या गोवऱ्यांच्या पुटाची, आच हळू चढते आणि हळू उतरते. भट्टीत तोच चढ-उतार ठेवला का, हे विचारायला हवं.

१४. वर्षभर रसौषध (पारा किंवा धातूंचं भस्म असलेलं औषध) घेतो आहे. औषध तपासू की रक्त?

रक्त, आणि तेही आधी. औषधाचा रिपोर्ट यायला वेळ लागतो आणि तुमच्या हातातली बाटली मागच्या बॅचची असेलच असं नाही. शिशासाठी शिरेतल्या पूर्ण रक्ताची तपासणी होते. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर स्रोत शोधून तो बंद करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शनात आहे. पोटात कळा, चिवट बद्धकोष्ठ, उतरलेलं हिमोग्लोबिन ही लक्षणं असतील तर डॉक्टरांना 'मी भस्म घेतो' हे आपणहून सांगा. लाजून लपवलं की त्यांचे चार दिवस चुकीच्या दिशेने जातात. मूत्रपिंडाच्या तपासण्याही त्याच वेळी करून घ्या.

१५. भस्म म्हणजे प्राचीन नॅनोतंत्रज्ञान, हे खरं का?

अर्धं. काही भस्मांत नॅनो आकाराचे स्फटिक दिसतात. पण एक्सआरडीवरून काढलेला आकार एकेका स्फटिकाचा असतो, आणि तेच स्फटिक एकमेकांना चिकटून मायक्रॉनचे गोळे झालेले असतात. पोटात जातो तो गोळा. शिवाय लहान कण म्हणजे चांगलाच परिणाम, असंही नाही. लहान कण विषारीही लवकर होऊ शकतो. जाहिरातीत हा शब्द दिसला की मी पान उलटते.

१६. जुन्या आणि नव्याच्या मधली एखादी स्वस्त पद्धत आहे का?

आहे, आणि ती विस्मरणात जाते याचं मला वाईट वाटतं. डॉ. नंबुरी हनुमंत राव यांनी बसवलेली ठिपका-चाचणी. भस्म आम्लात मिसळून, वरच्या निवळीचा एक थेंब पोटॅशियम आयोडाइडसारखं द्रव्य लावून वाळवलेल्या गाळणकागदावर सोडायचा. ठिपका पसरतो, कडेला वलयं उमटतात. पहिल्या काही मिनिटांत, मग साधारण वीस मिनिटांनी आणि मग दुसऱ्या दिवशी, असं तीनदा बघायचं. प्रत्येक भस्माची वलयं आणि रंग ठरलेले. खर्च नगण्य, पण हात आणि डोळा तयार असावा लागतो. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत कागद पुरता वाळत नाही आणि वलयं फिसकटतात, एवढं लक्षात ठेवा.

१७. सांधेदुखीची पुडी दोन दिवसांत गुण देते. धातूंची तपासणी करून घेऊ?

धातूंच्या आधी स्टिरॉइडची करा. अशा झटपट पुड्यांत डेक्सामेथासोन सापडल्याची उदाहरणं आहेत आणि ते आयसीपीला दिसत नाही. त्याला एचपीएलसीसारखी वेगळी तपासणी लागते. बरेच दिवस घेत असाल तर पुडी एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवून कमी करा.

१८. मुलगी अमेरिकेत असते. तिच्यासाठी औषध पाठवू का?

रसौषध नको. बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा अर्सेनिक आढळल्याचं २००४ साली प्रसिद्ध झालं, तेव्हापासून तिथे या औषधांकडे संशयाने बघतात. आपल्याकडेही १ जानेवारी २००६ पासून निर्यात होणाऱ्या निव्वळ वनस्पतिजन्य औषधांना जड धातूंची तपासणी सक्तीची आहे. तिला औषध लागतच असेल तर वनस्पतींचं, सीलबंद, बॅच क्रमांक आणि बिलासकट. पुडी बांधून सुटकेसच्या कोपऱ्यात तर नाहीच.

१९. मुंबईत नमुना तपासायचा कुठे आणि न्यायचा कसा?

पवईच्या आयआयटीतल्या 'सॅफ' या विश्लेषण केंद्रात बाहेरच्यांचे नमुनेही शुल्क घेऊन तपासतात. एक्सआरडी किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं काम असेल तर मी विद्यार्थ्यांना तिकडे पाठवते. नुसतं जड धातूंचं प्रमाण हवं असेल तर मान्यताप्राप्त खाजगी लॅब पुरते, पण तिच्या मान्यतेच्या यादीत ही विशिष्ट तपासणी आहे का ते आधी विचारा. औषध बनावट वाटत असेल तर तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे, वांद्रे-कुर्ला संकुलात. लेबलवर परवाना क्रमांक नसेल, किंवा विषारी द्रव्यांच्या यादीतलं द्रव्य असूनही 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही सूचना नसेल, तर लॅबच्या खर्चात न पडता थेट तक्रार करा.

नमुना मूळ बाटलीतच न्या, सील न फोडता. त्याच बॅचची दुसरी बाटली घरी ठेवा. वर्तमानपत्राच्या कागदात बांधू नका, आणि लोखंडी खलात पुन्हा कुटू नका, खलाचं लोखंड नमुन्यात उतरतं. शंख भस्म असेल तर पावसाळ्यात डबी घट्ट लावा, ते हवेतली ओल ओढून गोळा होतं आणि लॅबला भलताच पदार्थ मिळतो. पावतीवर नमुन्याचं नाव लिहिताना नुसतं 'पावडर' न लिहिता औषधाचं पूर्ण नाव आणि पाठ लिहा, नाहीतर रसकल्पाला त्रिफळ्याची मर्यादा लागेल आणि तुम्ही मला प्रश्न ६ विचाराल.